उघड्या हातानं प्याला

"हे घाल आधी," चर्चचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले आणि प्लास्टिकचे हातमोजे माझ्यापुढं धरले. वेदीजवळ. भरल्या उपासनेत. "लोकांना बरं वाटतं रे. तू लेबर कॅम्पातून येतोस. यल्ला, चल लवकर, सगळे थांबलेत."

त्या दिवशी पहिल्यांदाच मी प्रभुभोजनाचा प्याला धरणार होतो. आमच्यात प्याला एकच. रांगेनं गुडघे टेकायचे आणि त्याच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे. भाकर वाटायला सेक्रेटरीसाहेब स्वतः. पुण्याचे, मोठे इंजिनिअर. त्यांचे हात उघडे. हातमोजे फक्त मला.

आणि मी घातले. काय सांगू, अजून लाज वाटते. मुकाट्यानं घातले आणि पन्नास-साठ माणसांपुढं प्याला धरत गेलो.

मी दोह्यात एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात आठजणांच्या खोलीत राहतो आणि शुक्रवारी बसनं मराठी उपासनेला येतो. प्याल्याची कड पुसायची पांढरी फडकी दोन वर्षं मीच धुतोय. सेक्रेटरीबाई, म्हणजे साहेबांची बायको, पिशवी हातात देतात, "नीट धू हं," म्हणतात. त्या फडक्यांना काय असतं? लिपस्टिक, थुंकी, चिकट द्राक्षरस. हातानं चोळावी लागतात. त्यासाठी कधी कुणाला हातमोजे आठवले नाहीत.

हे धुणं मी आईकडून शिकलो. नगर जिल्ह्यातलं आमचं खेडं. तिथल्या देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, फडकी आई धुवायची. पहिलं पाणी मोरीत नाही ओतायचं, लिंबाच्या बुडाशी ओतायचं. "प्रभूचं रगत हाय त्यात," म्हणायची. इथं मी ते पाणी बाटलीत भरून गेटाजवळच्या खजुरीला घालतो. पण प्रभुभोजनाला आई शेवटी. मिशनच्या कंपाउंडातली शिकलेली घरं आधी, आम्ही मांगवाड्यातले मागं. प्रभू एक, प्याला एक, रांग मात्र गावाचीच! प्याला तिच्यापर्यंत यायचा तेव्हा तळाला दोन थेंब असायचे.

म्हणून पाळकसाहेब मला म्हणाले, "यापुढं प्याला तू धर, बिशपसाहेबांकडून तुझ्या नावाचं परवानगीपत्र आलंय," तेव्हा मी पहिला फोन आईला केला. ती रडायलाच लागली. आमच्या घराण्यात प्याल्याला कुणाचा हात लागला नव्हता.

हातमोज्यांच्या त्या शुक्रवारी संध्याकाळी तिचाच फोन आला.

"कसा लागला रं हाताला? गार व्हता का?"

मला माहीतच नव्हतं. प्लास्टिकमधून काय कळणार?

"व्हता," मी म्हणालो.

आईशी खोटं बोललो. तेही प्रभूच्या प्याल्यावरून. मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सेक्रेटरीचा राग होताच, पण स्वतःचा जास्त आला. दिले आणि घातले? कोणी हात पिरगळला होता का माझा?

पुढच्या शुक्रवारी हातमोजे पुन्हा समोर आले.

"नाही घालणार," मी म्हणालो.

"अरे, हायजीनचा प्रश्न आहे."

"साहेब, तुमची उष्टी फडकी मी उघड्या हातानं धुतो. तेव्हा कुठं जातं हायजीन?"

पाळकसाहेबांनी पुस्तकात डोकं घातलं. मी हातमोजे कठड्यावर ठेवले आणि प्याला उचलला. गार होता. एसीत राहून चांगलाच गार पडलेला.

सेक्रेटरीबाई गुडघे टेकलेल्या उठल्या आणि न पिताच मागं फिरल्या. त्यांच्यामागं आणखी तीन घरं. संगमनेरची एक बाई आहे, इथं कुणाची तरी मुलं सांभाळते. ती पुढं आली, माझ्या हातांकडं बघितलं आणि प्याली. मग बाकीचे आले.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा मेसेज आला : "काही दिवस थांब. लोक नाराज आहेत. फडकी तेवढी धुऊन आण."

मी लिहिलं : "पत्र बिशपसाहेबांचं आहे. परत हवं असेल तर त्यांनी मागावं. कारण लिहून मागावं."

फडकी धुतलीत, इस्त्री करून पिशवीत ठेवलीत. पहिलं पाणी खजुरीला घातलं. शुक्रवारी पिशवी सेक्रेटरीबाईंच्या हातात देणार आणि वेदीजवळ जाऊन उभा राहणार, उघड्या हातानं. ज्याला माझ्या हातचा प्याला चालत नाही, त्याच्या तोंडाचं फडकं मी यापुढं धुणार नाही.