टँकर नुकताच गेला होता

बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी होतं आणि बाहेर कडक ऊन. पाऊस थांबून आठवडा झालेला. आदल्या दिवशी शिवराम, सोसायटीचा वॉचमन, पंप बंद करायला त्याच पाण्यात उतरला आणि शॉक लागून गेला. त्याची बायको रॅम्पवर भिजलेल्या गाद्यांशेजारी बसली होती.

"टाकीचा व्हॉल्व्ह त्यानेच उघडा ठेवला," सेक्रेटरी म्हणाले. "मॅडम, तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

"नाय ठेवला," ती मान खाली घालूनच म्हणाली. "ते दोनदा बघायचे."

मी भूजलतज्ज्ञ. जमिनीखालचं पाणी कुठे वर येऊ शकतं, त्याचे नकाशे करते. आधी वीज तोडल्याची खात्री केली. मग मेन लाइन, टाक्या, सगळं बंद करायला लावलं आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर खडूने रेघ मारली. तासाभरात रेघ बुडाली. व्हॉल्व्हचा काही संबंधच नव्हता. पावसाळाभर मुरलेलं पाणी फरशीच्या फटींतून वर येत होतं.

आमच्या नकाशात शहाडचा हा भाग हिरवा होता. हिरवा म्हणजे धोका नाही. तो रंग मीच दिलेला, आणि तो बघूनच सोसायटीने शिवरामला खाली खोली दिली होती.

सोसायटीमागच्या विहिरीत डोकावले. हात घातला तर पाणी लागेल, इतकं वर. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी टेप सोडला, तेव्हा ते आठ मीटर खोल होतं. विहिरीचे मालक, गावातले आगरी काका, तेव्हा म्हणाले होते, "बाये, आता नको मोजू. आताच टँकर भरून गेलाय. सकालचे ये, तवा खरा पानी दिसंल."

उपसा झाला की विहिरीची पातळी खाली जाते. थांबून मोजायचं असतं, हे मीच नव्या लोकांना शिकवते. पण त्या दिवशी मला माजिवड्याला मीटिंग होती. आठ मीटर लिहिलं आणि निघाले; हिरवा रंग त्याच आकड्यावरून दिला. पुढे इथे नळ आले, टँकर बंद झाले आणि विहीर भरत गेली.

ऑफिसात आमच्या सरांना फोन केला.

"पाणी खालून आलं, एवढंच लिही. नकाशाचं कशाला काढतेस?"

"सर, चूक तिथेच आहे."

"अगं, नोकरीचा तरी विचार कर."

केला, आणि सगळं लिहिलं. शिवरामवरचा ठपका गेला. माझी चौकशी अजून चालू आहे.

रिपोर्टची कॉपी द्यायला गेले, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "म्हंजे ते चुकले नव्हते ना?"

"नाही. मी चुकले."

तिने रिपोर्टची घडी घातली आणि पाठ फिरवली. मला ते फार लागलं.

आमच्या फॉर्मवर आता एक नवा रकाना आहे: 'विहिरीवरचा पंप शेवटचा कधी चालला?' तो भरायला अर्धं मिनिट लागतं.