गोणपाटाला पाणी

ते गेले त्या दिवशी सकाळी आमच्यात शेवटचं बोलणं झालं ते सोयाबीनच्या बियांबद्दल. बावन्न वर्षांच्या संसारानंतर शेवटचं वाक्य जरा बरं असायला हवं होतं, असं आता वाटतं. पण पायात चपला सरकवत हे म्हणाले, “परंड्याकडं एकाची लिंबाची बाग वाळायलीय, बघून येतो. गोणपाटाला पाणी घाल. उघडून बघू नको.” मी स्वयंपाकघरातूनच फणकाऱ्यानं म्हटलं, “माहितीय मला. दरसाल काय तेच तेच सांगता!” दुपारी त्या बागवाल्याचा फोन आला. साहेबांनी झाडाखाली बसून पाणी मागितलं, तांब्या आणेपर्यंत मान कलली होती... वय ब्याऐंशी. भेटायला आलेले म्हणत होते, सोन्यासारखं मरण आलं. आलं असेल. मला मात्र माझा तो फणकाराच ऐकू येत होता.

यांची सगळी नोकरी शेती खात्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती दुप्पट जोमानं सुरू झाली. वैशाख लागला की कळंबच्या आमच्या घरी लोक फडक्यात मूठमूठ बी बांधून घेऊन येत. हे शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, वर दुसरं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सुतळीनं बांधून न्हाणीच्या कोपऱ्यात उभी करायची. पाच-सहा दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर बी पेरायचं, नाहीतर सरळ जेवणात घालायचं. मला न्हाणीत पाय ठेवायला जागा नसायची. “माणसांनी आंघोळ कुठं करायची?” असं मी विचारलं की म्हणत, “आपण काय, बोळात करू. ह्यांना सावली लागती.”

मी प्राथमिक शाळेत बाई होते. माझी सकाळची शाळा असायची, म्हणून आमच्या मुलीच्या वेण्या हेच घालत. बैलाचं दावं वळावं तशा घट्ट घालत. पोरगी डोळे ताणूनच शाळेत यायची. लातूरला तिच्या सासरी दर महिन्याला जात, आणि जाताना पिशवीत कधी हरभऱ्याची भाजी, कधी हुरडा. मुलाला अभियंता व्हायचं होतं तेव्हा एका शब्दानं अडवलं नाही. तो पुण्याला निघाला त्या दिवशी मात्र हे दिवसभर रानातच थांबले.

एका वर्षी फार मोठी फजिती झाली. गावोगावच्या लोकांचं बी तपासून दिलं आणि आमचं स्वतःचं तसंच पेरलं. घरचंच आहे, त्याला काय तपासायचं! ते पोतं पत्र्याखाली तापलं होतं. आठ दिवसांनी रानात बघावं तर इथं एक, तिथं एक. मी रागानं बोलून गेले, “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!” मला वाटलं, आता हे आठवडाभर तोंड लपवून बसतील. तर यांनी चार गावांत सांगावा धाडून माणसं बोलावली आणि बांधावर उभं राहून म्हणाले, “माझं काय चुकलं ते नीट बघून जावा.” मला शरमेनं मान वर करवेना. रात्री जेवताना म्हणाले, “आता बघ, हे कुणी विसरायचं न्हाय.” पुढच्या वर्षीपासून गोणपाटाला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मोजायचं त्यांच्याकडे. मला उघडून बघायची भारी घाई. म्हणून ती दरसालची ताकीद.

यंदा न्हाणीत एकच गुंडाळी होती. शेजारच्या गावच्या गफूरभाईंच्या बियाण्याची. हे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना मी तांब्या घेऊन कोपऱ्यात गेले. सून म्हणाली, “आई, आता कशाला?” मी पाणी घातलं. रोज घालत राहिले. गुंडाळीच्या तोंडातून पिवळसर कोंब बाहेर डोकावायला लागले, तरी मी सुतळीला हात लावला नाही. तेरावा झाला. मुलानं माझी बॅग भरायला घेतली. रान बटईनं, निम्म्या वाट्यावर, कसायला द्यायचं, घराला कुलूप आणि मी पुण्याला, असं ठरत आलं होतं.

त्याच संध्याकाळी गफूरभाई आले. ओट्यावर टोपी हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “बाई, इचारावं का नको, समजंना. सायबांकडं बी दिलं व्हतं. लोकं पेरायच्या तयारीत हायती. दुसरं घ्यायचं का हेच पेरायचं?... ऱ्हाऊ द्या, तुमच्यावर येळ कसली आलीय.”

मी गुंडाळी ओट्यावर आणली. सुतळी सोडली. आतले कोंब वाढून एकमेकांत असे गुंतले होते की मोजता येईनात. वासही सुटला होता. मग मी न उगवलेले, कुजलेले दाणे निवडून बाजूला काढले. ते एकोणतीस भरले. पुन्हा मोजले. एकोणतीसच.

“एकाहत्तर आलेत गफूरभाई,” मी म्हटलं. “पण काठावरचं हाय. बी जरा जास्त धरा.”

“पेरू म्हंता?”

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला विचारला गेला. चुकलं तर त्यांचा हंगाम जाणार होता. मी न्हाणीच्या दाराकडे बघितलं. तिथून कोणी बोलणार नव्हतं.

“पेरा,” मी म्हटलं.

मुलाला सांगितलं, गफूरभाईंचं रान उगवलेलं बघते, मग येते. उगवलं. गफूरभाई स्वतः गाडीवर बसवून दाखवायला घेऊन गेले. हिरव्या ओळी बघून मी बांधावर उभी राहून रडले, कारण घरी जाऊन हे सांगायला कोणी नव्हतं. परवा मुलाचा फोन आला, “आई, उगवलं ना आता?” मी म्हटलं, “कोळपणी होऊ दे.” तो हसला नाही.

ते गोणपाट मी धुतलं, पुन्हा गुंडाळी केली, सुतळी बांधली आणि कोपऱ्यात उभं केलं. सकाळी चहाच्या आधी त्याच्यावर तांब्याभर पाणी घालते. आत एकही दाणा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी उघडून बघत नाही.