पहिलं बक्षीस विरोधी बाजूला

बायकोचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हापासून मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गोळीआधी कळा आणि गोळीनंतर उलट्या, एवढंच चालू होतं. दोन घास मऊ भातही तिच्या पोटात ठरत नव्हता. काही देशांत अशा उलट्यांवर गांजापासून केलेलं औषध देतात, असं डॉक्टर एकदा बोलून गेले. मी हात जोडले. "काका, मारा हाथमां नथी," ते गुजरातीत हात झटकत म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

अशात मराठी मंडळाच्या वादविवाद स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावणं आलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्याची ही शिक्षा. विषय ऐकून तर मी चिडलोच: औषधासाठी गांजाला परवानगी द्यावी की नाही? मी नकार कळवणार होतो, पण तिनंच मला धाडलं.

"जा हो, नीट ऐका. आपल्याच कामाचं आहे."

बाजूनं बोलणारा मुलगा अगदी माझ्या मनातलं बोलत होता, पण अडखळत, कागदात डोकं खुपसून. विरोधातल्या मुलीनं मात्र सभागृह जिंकलं. "आज रुग्णाच्या नावानं दार उघडाल, उद्या त्यातून कोण कोण आत शिरेल?" टाळ्या थांबेनात. माझं डोकं फिरलं. उठून ओरडावंसं वाटलं, की बाई गं, एक दुपार माझ्या घरी ये आणि तिच्या उलटीची बादली धर. पण गुणपत्रिकेवर उच्चार, मांडणी आणि प्रभाव एवढेच रकाने होते. मी तिला पहिलं दिलं. मास्तरकी अंगातून जात नाही, मेली.

घरी आलो तर ही भिंतीला टेकून वाट बघत बसलेली. गोळीनं डोळे जड झाले होते. सोबतीला बसलेल्या शेजारच्या बेन मला बघून उठून गेल्या.

"कोण जिंकलं?"

"विरोधातली मुलगी."

"म्हणजे आता ते औषध नाहीच का मिळणार?"

मला आधी काही समजेना. मग लक्षात आलं. गुंगीत ती दिवसभर त्या निकालावर आस लावून बसली होती, आणि निकाल मी दिला होता. खरं सांगायला तोंड उघडलं, पण जमलं नाही.

"अजून एक फेरी आहे," मी म्हटलं.

तिनं माझा हात घट्ट धरला. "मग त्यात तुम्ही बोला."