दगूभाऊची तीट

त्या दिवशी गॅरेजात आम्ही पाच जण व्हतो. दगू पेंटर, म्हणजे आमचे दगूभाऊ. गॅरेजचे शेठ. ट्रॅक्टरवाले निवृत्तीनाना आन् त्यांच्या मालकीण सुमनबाई. आन् मी, हिराबाई, झाडलोट करणारी. त्यातल्या आता मी आन् सुमनबाई दोघीच राहिलो. म्हणून सांगून ठेवते, नात लिहून घेती हाय.

गॅरेज पिंपळगावच्या अलीकडं, आग्रा रोडला लागून. जुने ट्रॅक्टर यायचे आन् नव्यासारखे होऊन जायचे. रंग दगूभाऊचा. उंच माणूस, कानात बारीक बाळी, अंगावरच्या बनियनला सगळ्या कंपन्यांचे रंग. त्यांची एक खोड व्हती. रंग वाळला की ते डोळे मिटायचे आन् पालथा हात पत्र्यावरून फिरवायचे. लेकराचा ताप बघतो ना आपण, तसा. मग म्हणायचे, "आधी हाताला विचारायचं. डोळा काय, लबाड असतो."

माझा मालक गेला तव्हा पोरगी चौथीला, पोरगा रांगत व्हता. मी कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायचे. तिथं कंबर बसली, वाकताच येईना. मग शेठच्या बायकोनं इथं लावून दिलं. झाडायचं, पाणी भरायचं, आन् रंगाच्या आधी टायरांना ओल्या मातीचा राबडा फासायचा. गनमधून रंग मारला की त्याचा धूर उडतो. तो टायरावर न बसता मातीवर बसतो, पाणी मारलं की निघून जातो. ही दगूभाऊचीच रीत.

एकदा मला विचारलं, "कांदे निवडताना सडका कसा वळखायची?"

"हातात घेतला की कळतो. बघत कोण बसतंय."

"मग तू माझ्या कामाची हायेस," म्हणाले. तव्हा मला वाटलं, थट्टा करतात.

निवृत्तीनानांनी जुना ट्रॅक्टर घेतला व्हता. उद्या दसरा, पूजेला पाहिजे म्हणून शेठकडून शब्द घेतलेला. धूड लाल आन् चाकं दुधी, ही सुमनबाईची हौस. चाकं आदल्या दिवशी झाली. त्यांच्यावर गोणपाटं बांधून दगूभाऊ बोनटला लाल रंग मारायला लागले. मी पाण्याला गेले. येताना रोडवरून एक ट्रक असा गेला की धुळीची वावटळच आत आली. बघते तर मागच्या मोठ्या चाकाचं गोणपाट खाली पडलेलं, आन् दगूभाऊ गन मारतायत. दुधी चाकावर लाल धूर बसत चाललाय, मिरचीचं तिखट भुरभुरल्यासारखा.

"दगूभाऊ, थांबा."

"काय झालं?"

ते चाकापासून हातभर लांब उभे. तोंड चाकाकडंच. तरी विचारत व्हते, काय झालं. मनात म्हणलं, ह्यांना दिसत नाय.

"गोणपाट पडलं," मी हळूच म्हणलं. त्यांनी गन खाली ठेवली. तेवढ्यात शेठ आले, मागं नाना आन् सुमनबाई, ट्रॅक्टर बघायला.

शेठनं चाक पाह्यलं. "दगू, डोळे फुटले का रे तुझे?"

शेठची ती रोजची बोली. त्यांना काय ठाऊक. पण दगूभाऊचा चेहरा असा उतरला की माझ्याच्यानं बघवंना. पेंटरचे डोळे गेले म्हणल्यावर त्याला कोण ठेवतंय? घरी म्हातारी आई, लग्नाची लेक. मी म्हणलं, "शेठ, गोणपाट मी काढलं. झाडायला."

"तुला कुणी सांगितलं व्हतं? उद्यापासून येऊ नको."

मी झाडू भिंतीला लावला. एवढं ऐकायची सवय व्हती मला. मग दगूभाऊच बोलले. "ती खोटं बोलती, शेठ. मलाच दिसत नाय. उजव्यानं तर काहीच नाय. वरीस झालं."

सुमनबाई बोनटपाशी गेल्या, वाकून बघितलं. "माझं कुंकू दिसतंय ह्याच्यात. न दिसता एवढं केलं?"

"तू गप गं," नाना म्हणाले. "पेंटर, उद्या सकाळी पूजा हाय. चाक नीट होईल का, तेवढं सांगा."

"होईल. पण हात हिराबाईचा लागंल."

शेठ थिनरचा डबा घेऊन आले. दगूभाऊंनी वासावरून वळखलं आन् डबा हातातून काढून घेतला. "थिनर लावलं तर खालचा दुधी बी उचलून येईल. कालचा रंग हाय, बाळंतीण हाय ती. दमानं घ्या."

त्यांनी सांगितलं आन् मी करत गेले. आधी वरचा धूर सुकू दिला. मग घासलेट, तेबी फडकं नुसतं ओलसर होईल एवढंच. फडकं मऊ पाहिजे म्हणले, तर सुमनबाई गावात बहिणीकडं जाऊन जुनं धुवट लुगडंच घेऊन आल्या. दाबायचं नाय, गोल फिरवायचं नाय, एका अंगानं पुसत जायचं आन् फडक्याची घडी बदलायची. लाल कण बोटाला रव्यासारखा लागायचा. लागला की पुसायचा. हाताला गुळगुळीत झालं की पुढं.

"किती घासतीस," शेठ म्हणाले, "चाक हाय, नवरी नाय."

"नवरीच हाय ती," दगूभाऊ म्हणाले. "उद्या हळद लागणार हाय तिला."

सुमनबाई हसल्या. शेठ बी हसले. तव्हा मला जरा श्वास आला.

ऊन उतरायला लागलं तव्हा चाक झालं. दगूभाऊंनी पालथा हात सगळ्या चाकावरून फिरवला. आतल्या अंगाला, नटाजवळ, थांबले. "हितं एक राहिलाय."

मी फडकं घेऊन गेले.

"राहू दे. पोराला तीट लावतीस ना? तसंच हे."

शेठनं आम्हा दोघांना ठेवलं. चार शिव्या दिल्या, पण ठेवलं. तिथून पुढं गन माझ्या हातात आली. दगूभाऊ रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसायचे, तोंड भिंतीकडं. कानानं ऐकायचे. "गन लांब गेली." "आता जवळ आणलीस, रंग ओघळून रडंल." पुढं पुढं दुसरा डोळा बी गेला, पण त्यांचा कान काय चुकला नाय. गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, बाई रंग मारती का? दगूभाऊ म्हणायचे, "बाई मारत नाय, बाई लावती. मारायला तुम्ही हायेतच."

आन् प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला, आतल्या अंगाला, ते मला लाल ठिपका ठेवायला लावायचे. बोटाच्या टोकाएवढा, हाताला रव्यासारखा लागणारा. शेठला कधी कळलं नाय.

दगूभाऊच्या लेकीचं लग्न झालं, आई गेली, मग लेक त्यांना चांदवडकडं घेऊन गेली. एका दसऱ्याला जावयाच्या मोटारसायकलवर बसून गॅरेजात आले. निवृत्तीनानांचा ट्रॅक्टर दारात उभा व्हता, नाना कधीच गेलेले, पोरगा चालवायचा. दगूभाऊ चाचपत चाकापाशी गेले, खाली बसले, हात आत घातला. नटाजवळ बोटं फिरवली.

"हाय गं," म्हणाले.

"मग, जाईल कुठं?" मी म्हणलं.

त्या थंडीत ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. पुढं रोड मोठा झाला, गॅरेज त्यात गेलं. मी आता गन धरत नाय. हात थरथरतो.

जे कुणी हे वाचत असाल, त्यांना एकच सांगणं हाय. तुमच्याकडं जुना ट्रॅक्टर असंल तर मागच्या चाकाच्या आतून, नटाजवळ, पालथा हात फिरवून बघा. रव्यासारखं काही लागलं तर पुसू नका. परत रंग द्यायचा झाला, तर द्या. पण वाळल्यावर तिथं एक लाल ठिपका ठेवा.