सुतळीच्या जागी तार

हातोडीला हे नाव बापाच्या वर्कशॉपमध्ये पडलं. तिच्या वयाच्या मुली केसांना तेल लावत होत्या तेव्हा ही लोखंडाला वेल्डिंगचे टाके घालत होती, आणि एखाद्या गिऱ्हाइकानं आगाऊपणा केला तर त्याच्या पायावर हातोडी चुकून पडत असे. अशा चुका तिच्या हातून बऱ्याच झाल्या. पुढे लग्न झालं. नवरा इतका गरीब स्वभावाचा मिळाला की भांडणात त्याची बाजूसुद्धा हिलाच लढवावी लागे. मग अंगातली सगळी रग उरली ती धाकट्या भावासाठी.

धाकटा गाई पाळायचा. बापामागे जमिनीची वाटणी झाली तेव्हा ओढ्याचा वरच्या अंगाचा तुकडा त्याला गेला, खालच्या अंगाचा हिला. लहानपणी हिनं त्याचा पुढचा दात पाडला होता, त्यानं हिच्या वेणीला काडी लावली होती. दोघांचा एकमेकांवर जीव होता हे खरं. पण तो लावायचा आहे की घ्यायचा, हे काही गल्लीला शेवटपर्यंत समजलं नाही.

ओढ्याची कळा तर बघवत नव्हती. काठावर घाणेरी माजलेली, तिच्या जाळीत माणूस शिरला तर अंगावर ओरखडे घेऊनच बाहेर यायचा. गुरांच्या खुरांनी काठ तुडवून चिखल केलेला. पाण्याचा रंग शिळ्या चहासारखा. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाईंनी एके दिवशी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं की हा ओढा मेलेला नाही, नुसता निपचित पडलाय, आणि आपण त्याला उठवायचं. दर रविवारी सकाळी माणसं जमू लागली. दुकानदार आले, मास्तर आले, ज्यांना घरी बायकोचा डोळा चुकवायचा होता तेही आले.

हातोडीला हे काम फार मानवलं, कारण त्यात आधी मारायचं होतं. घाणेरी नुसती छाटून मरत नाही, उलट दुप्पट जोमानं फुटते. म्हणून एकानं कोयत्यानं खोड बुंध्याशी तोडायचं आणि दुसऱ्यानं त्याच क्षणी, रस ओला असतानाच, ब्रशनं त्या थोटकावर विष फासायचं. जरा उशीर झाला की थोटूक तोंड मिटून घेतं. कोयता हातोडीकडे असे. ती अशी तुटून पडायची की ब्रशवाल्या मास्तरांना मागून पळावं लागे, आणि ते धापा टाकत म्हणायचे, अहो, जरा आम्हालाही मारू द्या. तोडलेल्या जाळ्यांचे ढीग वरच्या अंगाला, धाकट्याच्या हद्दीपलीकडे, काठावरच रचून ठेवले होते. वाळल्यावर उचलू म्हणाले सगळे. ‘वाळल्यावर’ म्हणजे कधी, ते कुणीच विचारलं नाही.

मग हातोडीच्या तुकड्यात रोपं लावली. वाळुंज, उंबर, करंज, खाली पाण्यालगत लव्हाळं. या ओढ्याची मूळची झाडं. त्या पट्ट्यावर तिनं जीव टाकला. तो मात्र नक्की टाकला. कमरेएवढी रोपं झाली तेव्हा एक खंड्या येऊन बसू लागला, आणि ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाला हळू आवाजात हाक मारली नव्हती ती चपला हातात घेऊन चालू लागली, का, तर पाखरू उडेल.

अडचण एकच होती, ती धाकट्याच्या गाईंची. त्याच्या गोठ्यासमोर ओढ्यात उतरायला एक उतार होता. गाई तिथून पाण्यात उतरायच्या आणि ओढ्याच्या पात्रातूनच चालत चालत खाली हिच्या पट्ट्यात यायच्या. तिथे डोह होता, आणि आता कोवळा पालाही होता. हातोडीनं काठांवर तारेचं कुंपण घातलं. पण पात्रात खांब रोवता येत नाही, पाणी उपटून नेतं. म्हणून हद्दीवर दोन्ही काठांच्या दोन दांडग्या खांबांमध्ये जाड दोर ताणून त्याला लोखंडी गजांचं फाटक लटकवलं. त्याची खालची टोकं खांबांना बांधायची ती सुतळीनं. सुतळीनंच, हे नर्सबाईंनी निक्षून सांगितलं होतं. गाईला सुतळी तोडायचं सुचत नाही, पण पूर आला की ती पटकन तुटते, फाटक वर उचललं जातं आणि पाणी निघून जातं. हे फाटक हरण्यासाठीच बांधलेलं असतं, असं त्या म्हणाल्या. हातोडीला हे वाक्य मुळीच पटलं नाही.

आणि गाईला नाही सुचलं तरी धाकट्याला सुचलं. उन्हं तापली, उताराशी नुसता राडा उरला, पाणी काय ते खालच्या डोहात. धाकटा विळा घेऊन आला, सुतळी कापली, गाई सोडल्या. हातोडी येईपर्यंत वाळुंजांचे शेंडे गेले होते आणि करंज खुरांखाली भुईसपाट झाले होते.

ती तशीच गोठ्यात शिरली. पुढचं सगळ्या गल्लीनं पाहिलं, कारण पाहायला सगळी गल्ली आली होती. तिनं दुधाच्या कॅनचं झाकण उचलून त्याच्या कपाळावर हाणलं. त्यानं गुरांची काठी तिच्या पाठीत घातली. दोघं शेणात पडली, उठली, पुन्हा पडली. त्याचा कान तिच्या दातांत होता आणि तिचे केस त्याच्या मुठीत. भावजयीनं शेवटी गोठा धुतलेल्या पाण्याची बादली दोघांवर ओतली आणि म्हणाली, ताई, आता सोडा, दूध काढायची वेळ झाली.

धाकटा कपाळ दाबत म्हणाला, “माझ्या गाई तहानेनं मरू दे आणि तुझी झुडपं जगू दे, असं का?”

“हौद बांधून देते म्हटलं होतं.”

“हौदाचं पाणी गाई पीत नाहीत. बापाच्या काळापासून ओढ्यात उतरतात.”

नर्सबाईंनी रविवारी सगळ्यांसमोर समजावलं. पुन्हा सुतळी बांधा, पुन्हा कापली तर पुन्हा बांधा, भावाशी मी बोलते. हातोडीनं मुंडी हलवली. त्याच दुपारी वर्कशॉपमधून कुंपणाची कडक तार आणली, दुहेरी पीळ दिला, पकडीनं असा आवळला की खांब कण्हला, आणि वर घाम पुसत धाकट्याच्या गोठ्याकडे बघून म्हणाली, आता काप. सुतळीच्या जागी तार आली. कापायला विळा पुरणार नव्हता, आणि उपटून न्यायला पूरही.

पाऊस पडला तो वर, डोंगरात. इथे स्वच्छ ऊन होतं. सकाळची वेळ, धाकट्यानं गाई उतारावर सोडल्या होत्या, त्या राड्यात तोंड घालून उभ्या. आधी आवाज आला, दगड दळल्यासारखा. मग वळणावरून पाणी आलं, आणि पाण्याच्या पुढे, सगळ्यांचा चुकलेला शहाणपणा आला, म्हणजे वाळल्यावर उचलायचे ते घाणेरीचे ढीग. काटेरी जाळ्या, ओंडके, कुणाच्या तरी वाड्याचं पत्र्याचं छप्पर, सगळं येऊन फाटकावर आदळलं. सुतळी असती तर केव्हाच तुटली असती. तारेनं दात खाऊन धरून ठेवलं. फाटकाचं धरण झालं. पाणी फुगलं, मागे फिरलं, आणि भोवरा होऊन धाकट्याचा उतार खाऊ लागलं. काठाचे कडेच्या कडे धपाधप कोसळत होते आणि त्यांच्याबरोबर गाई. एकीची मान ओंडक्याखाली आली आणि मोडली, ते काठावरून ऐकू आलं.

धाकटा पाण्यात उतरला. त्याला पोहता येत नव्हतं, पण गाई बुडताना हे कुणाच्या लक्षात राहतं? एका वासराच्या गळ्यातलं, काट्यांत अडकलेलं दावं विळ्यानं कापून त्यानं त्याला वर ढकललं आणि तेवढ्यात एक ओंडका मागून येऊन त्याला फाटकावर चिणून गेला. उजवा हात गजांतून आरपार, दंडातून वाकडा. पाणी छातीला, मग गळ्याला.

हातोडी तार कापायची मोठी कात्री घेऊन धावत आली. खांबाशी आडवी पडली. कात्रीची पाती तारेवर बसवली. आणि थांबली.

खाली तिचा पट्टा होता. फाटक सुटलं की हे तुंबलेलं सगळं पाणी, काट्यांसकट, ओंडक्यांसकट, एकदम त्याच्यावर जाणार होतं. तिनं मान वळवून तिकडे पाहिलं.

“ताई,” धाकटा म्हणाला. ओरडला नाही, तोंडात पाणी होतं. “ताई, काप.”

तिनं दोन्ही हातांनी दाबलं. तार तुटली ती चाबकासारखी उलटली आणि तिचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडून गेली. कानाची पाळी कुठे गेली ते कधीच सापडलं नाही. फाटक उडालं. पाणी धाकट्याला घेऊन सुटलं, ओंडक्यावर आपटत, काट्यांतून ओढत, आणि डोहापलीकडे गाळात टाकून पुढे गेलं. हातोडी एका हातानं गाल धरून त्याच्यामागे धावली. त्याला केसांना धरून बाहेर ओढलं, पालथा घातला आणि पाठीत गुद्दे घालत सुटली. पाणी बाहेर पडल्यावरही तिचे दोन-चार गुद्दे चालूच होते असं पाहणारे सांगतात. पट्टा राहिला नव्हता. खरवडलेली लाल माती होती आणि तीत एक मेलेली गाय पाय वर करून.

नर्सबाईंनी दोघांना हॉस्पिटलात नेलं. हिला टाके पडले, त्याला प्लॅस्टर. टाके घालताना हिनं हूं की चूं केलं नाही. नर्सबाई तिचं डोकं धरून होत्या आणि त्यांनी एकदाच विचारलं, सुतळी का नव्हती? शेजारच्या खाटेवरून धाकटा मात्र जो येईल त्याला सांगत होता, की हिनं मागे पाहिलं. मी गळ्याएवढ्या पाण्यात होतो आणि हिनं मागे पाहिलं. हातोडीनं ते नाकारलं नाही. तोंड बांधलेलं होतं म्हणून, असं गल्लीतल्या काही लोकांचं मत, पण पट्टी सुटल्यावरही तिनं नाकारलं नाही.

पूर ओसरला तेव्हा धाकट्याला दिसलं की त्याचा उतार उरलाच नव्हता. तिथे आता पुरुषभर उंचीचा उभा कडा होता, भिंतीसारखा. खाली नितळ पाणी वाहत होतं आणि वर उरलेल्या गाई रांगेनं उभ्या राहून हंबरत होत्या. एकही खाली उतरेना. भावजय विहिरीवरून बादल्या ओढून ओढून काळवंडली. एका हातानं धाकट्यालाही बादली उचलेना.

शेवटी तो वर्कशॉपात आला. हातोडी कामात होती. तिनं मशीन बंद केलं, चेहऱ्यावरची काच वर केली. त्यानं डाव्या हातानं, होतं नव्हतं ते सगळं बळ लावून, तिच्या थोबाडीत मारली. टाक्यांच्या बाजूला. दोन टाके उसवले आणि रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं.

“मागे का पाहिलंस?”

हातोडीनं त्याच्या नडगीवर अशी लाथ घातली की तो पत्र्यांच्या चळतीवर बसलाच. मग तिनं काम पुसायचा फडका गालावर दाबला.

“काय जाणार ते बघून घेतलं,” ती म्हणाली. “मग कापली.”

धाकटा नडगी चोळत बसला. बाहेर त्याच्या गाईंचं हंबरणं इथपर्यंत ऐकू येत होतं. त्यानं एकदा तिच्या गालाकडे पाहिलं, एकदा आपल्या प्लॅस्टरकडे, आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, ती नक्की कुणाला ते काही स्पष्ट नव्हतं.

हातोडीनं कोपऱ्यातून जाड पत्रा ओढला, जमिनीवर आडवा टाकला आणि खडू शोधू लागली.

“हौदाची उंची किती ठेवू?”

तो उठला, लंगडत पत्र्याजवळ आला आणि डावा हात आपल्या मांडीशी आडवा धरला.

“आणि वासरांना?”

त्यानं हात गुडघ्यापर्यंत खाली आणला.