मुक्याने सांगितलेली खूण

आमच्या नवऱ्याला मासळीचा सगळा धक्का 'मुका' म्हणतो. मुके नाहीत हं. घरात जेवायला बसले की मीठ कमी, पाणी गरम, पंखा कुरकुरतोय, सगळं सांगतात. पण मासा कुठे मिळाला असं कुणी विचारलं की यांच्या तोंडाला कुलूप. "समुद्रात," एवढंच म्हणायचे आणि टोपली उचलून चालू पडायचे. लोक हसायचे, चिडायचे, शेवटी नाव पडलं ते पडलंच. लग्न होऊन आले आणि लोक मला मुक्याची बायको म्हणाले, तेव्हा मी चारचौघांत भांडले होते. नंतर सवय झाली.

या घरात एक रीत होती. पोवळ्याच्या खडकापलीकडे, जिथे तळ एकदम खोल उतरतो, तिथे एक जागा आहे. वर्षातल्या ठरावीक पौर्णिमांना मोठे गोब्रे मासे तिथे अंडी टाकायला जमतात. एरवी प्रत्येक गोब्रा आपापल्या कपारीत एकटा बसणारा, पण तेव्हा कुठून कुठून येतात. ती जागा बोटीतून नुसती बघून ओळखू येत नाही, किनाऱ्यावरच्या खुणांनी सापडते. आणि ती खूण घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असायची. सासऱ्यांनी ती यांना सांगितली, बोटीत बसवून, मरायच्या आधी थोडे दिवस. धाकट्या मुलाला नाही, बायकोला नाही. मलाही नाही. या माणसाच्या पोटातलं दुखणं मला त्याच्या आधी कळतं, पण ती खूण? नाव नको.

सासऱ्यांनी वर्षातून एकदाच जायचं आणि मोजकं आणायचं असा दंडक घातला होता. तो यांनी पाळला.

धाकटे म्हणजे माझे दीर, भावजी. बाप गेला तेव्हा ते अजून शाळेत होते. यांनीच वाढवलं त्यांना. सापळे विणायला यांनी शिकवलं, तारेची जाळी कापायला मी. सापळ्याच्या दाराला मारायची आमच्या घरची एक गाठ आहे, पाण्यात फुगून घट्ट होते पण एका हिसक्यात सुटते. दुसऱ्या कुणाला ती जमत नाही. भावजी डावखुरे, त्यांना ती शिकवताना यांची अशी तारांबळ उडाली! शेजारी बसवून जमेना, मग समोर बसवलं, आरशात बघून केस विंचरावेत तसं. गाठ जमली, फक्त वेढे उलट्या बाजूने पडायचे. मी हसायचे, म्हणायचे, भावजी, तुमची गाठ घराकडे पाठ फिरवून सासरी निघालीय.

मग ती बाई आली. समुद्राचा अभ्यास करणारी, पाठीवर हवेची टाकी लावून बुडी मारणारी. आम्ही तिला पाणबुडी बाई म्हणायचो. माणूस चांगली. मासळी उतरवायला हात लावायची, चहा पिऊन कप विसळून ठेवायची. तिने लिलावाच्या शेडमध्ये सगळ्यांना गोळा करून समजावलं. म्हणाली, एकेका माशाचे नियम करून काही व्हायचं नाही. गोब्र्याची पिल्लं खाडीतल्या खारफुटीत वाढतात, मग समुद्रगवतात येतात, मग खडकावर. खारफुटी तोडली तर वर कितीही जपा, पिल्लंच नाहीत. पोपटमासा खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, तो सगळा पकडला तर शेवाळ पोवळ्याचा गळा दाबतं, आणि पोवळं मेलं की बाकीच्यांचं घर गेलं. जपायचं तर सगळं मिळून जपायचं.

पटलं लोकांना. एका दिवसात नाही, बरीच आदळआपट झाली. पण शेवटी खाडीकडच्यांनी खारफुटी तोडणं सोडलं. भाल्याने मारणाऱ्यांनी पोपटमासा सोडला. जाळीवाल्यांनी बारीक जाळी गुंडाळून ठेवली. प्रत्येकाने आपल्या ताटातला एकेक घास काढून ठेवला म्हणा ना. मग बाई म्हणाली, मासे अंडी टाकतात ती जागाही बंद करायला हवी. आणि सगळ्या माना यांच्याकडे वळल्या.

हे सगळं बघायला गावाने समिती नेमली होती, तिचा अध्यक्ष बर्फाच्या कारखान्याचा मालक. तो म्हणाला, "मुक्याने जागा सांगितली तर तेवढीच बंद करू. नाही सांगितली तर बाहेरचा अख्खा खडक बंद करावा लागेल. मग पोरंबाळं काय खातील, ते मुक्यालाच विचारा."

बाई म्हणाली, "दादा, मला एकटीला सांगा, मी नकाशावर घेते." तर मागून लोक ओरडले, एकटीला का? आम्ही काय चोर आहोत? आम्ही सगळं उघड्यावर सोडलं, त्यानेही उघड्यावर सांगावं!

तेव्हा हे उठले. त्या शेडमध्ये एवढा वेळ बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "बर्फाच्या कारखान्याची चिमणी टेकडीच्या खाचेत बसवायची. मग त्याच रेघेवर बाहेर जायचं. दीपगृहाचा पांढरा पट्टा जुन्या धक्क्याच्या टोकावर आला की इंजिन बंद. खाली तीच जागा."

एवढं बोलून खाली बसले. कपाळावर घाम. मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं, शंभर माणसांबरोबर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण अभिमानही वाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजी माझ्या शेजारी उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. मला वाटलं, हात मासळीने भरलेले असतील.

समितीने यांनाच त्या जागेचा राखणदार केलं. बोटीला पिवळं निशाण, गळ्यात शिट्टी. काय मिरवायचे! शिट्टी घेऊन जेवायला बसायचे. मी म्हणायचे, अहो, आमटीला शिट्टी मारू नका. त्या पौर्णिमांना दिवसभर खडकाबाहेर घिरट्या घालायचे आणि आल्यावर सांगायचे, आज खालचं पाणी कसं गढूळल्यासारखं हलत होतं. खडकाजवळ पुन्हा लहान मासा दिसायला लागला. खाडीतली पोरं सुद्धा सांगायची की पिल्लं वाढलीत. सगळी घडी बसतेय असं वाटत होतं.

मग यांना हर्निया झाला. ऑपरेशन, टाके, बोटीत चढायचं नाही म्हणून डॉक्टरांचा हुकूम. भावजी म्हणाले, "दादा, तू पड. राखण मी बघतो." यांनी स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या गळ्यात घातली. मी भावजींना डबा बांधून देत होते. रोज. माझ्या हाताने!

हे बरे होऊन पुन्हा निशाण लावून जायला लागले, आणि पाणबुडी बाई मासे मोजायला खाली उतरली. वर आली ती एक सापळा घेऊन. त्याला वरून तरंगता बोया नाही, काही नाही, कुणाला दिसू नये असा बुडवलेला. असे अजून होते म्हणाली. आत गोब्रे होते, काही मेलेले. मादीच्या पोटात गाबोळी तशीच.

सापळा शेडमध्ये आणून ठेवला. सगळे जमले. कुणीतरी दाराची दोरी उचलली आणि म्हणालं, "ही तर मुक्याच्या घरची गाठ."

यांनी पुढे होऊन दोरी हातात घेतली. वेढ्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, आणि पुन्हा. मी यांच्या खांद्यामागे होते. मला दिसलं. वेढे उलटे होते.

मी भावजींकडे पाहिलं. ते जमिनीवरचे खवले बघत होते. मी मनात म्हणत होते, बोला. आता बोला भावजी, चुकलं म्हणा, पाया पडा, काहीही करा, पण बोला.

हे म्हणाले, "गाठ आमच्या घरचीच आहे."

"म्हणजे तुझी?" अध्यक्षाने विचारलं.

यांनी भावाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, वाट पाहिली. आणि माझा हा दीर, ज्याच्या नाकाचा शेंबूड या माणसाने पुसलाय, तो मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

मी तोंड उघडलं. यांनी माझं मनगट धरलं, असं की दुखलं. गळ्यातली शिट्टी काढून सापळ्यावर ठेवली. "घरी चल," म्हणाले.

घरी मी आकाशपाताळ एक केलं. भांडी आपटली. अहो, तुमच्या बापाचं नाव, तुमचं नाव, सगळं त्याने धुळीला मिळवलं आणि तुम्ही गप्प? खरंच मुके आहात की काय? हे खुर्चीत बसून गळ्याला हात लावत राहिले, शिट्टीचा दोर नव्हता तिथे.

मी भावजींच्या घरी गेले. जाऊबाईंनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून आत निघून गेल्या. भावजींनी नाकारलं नाही. म्हणाले, "वहिनी, बाबांनी मला कधी त्या बोटीत घेतलं? ठीक आहे, मी लहान होतो. पण दादाने? एवढी वर्षं मी त्याच्याबरोबर सापळे टाकतोय. मला सांगायच्या आधी त्याने शेडमध्ये गावाला सांगितलं. मला आणि त्या बर्फवाल्याला एकाच वेळी कळलं. मी काय परका होतो?"

त्यात खोटं काही नव्हतं. तरी मी म्हणाले, "मग रुसायचं होतं भावजी, भांडायचं होतं. जेवण टाकायचं होतं. त्याच्या नावाला काळं फासायची काय गरज होती?" ते म्हणाले, शहरातले हॉटेलवाले जिवंत गोब्र्यासाठी मागे लागले होते, मी नाही केलं तर दुसऱ्याने केलं असतं. मी त्यांच्या दारात थुंकले आणि आले. मला त्याची लाज वाटत नाही.

यांची बोट हंगामभर वाळूत ओढून ठेवायचा निर्णय झाला. आणि राखणदार कोण? भावजी! घरातलं काम घरातच राहू दे, म्हणाला अध्यक्ष. पाणबुडी बाई आमच्याकडे आली, बराच वेळ बसली, यांच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी खटकत होतं. यांनी तिला चहा दिला आणि पाण्याच्या तापमानाबद्दल बोलले.

पण खरा घात पुढेच झाला. लोक म्हणायला लागले, राखणदारानेच खाल्लं, मग आम्हीच का उपाशी मरायचं? आधी टोपल्यांच्या तळाशी पोपटमासा दिसायला लागला, वरून दुसरी मासळी घातलेली. मग उघडच. बारीक जाळ्या बाहेर आल्या. खाडीत पुन्हा कोयते वाजायला लागले. खडकावर शेवाळाची लव चढली. लोक आमच्या दारावरून जाताना मान फिरवायचे, आणि त्यांच्याच टोपलीतून निळ्या-हिरव्या शेपट्या बाहेर लोंबत असायच्या. मला हसावं की रडावं कळायचं नाही. हे व्हरांड्यात बसून इतरांची जाळी सांधायचे.

पुन्हा त्या पौर्णिमा आल्या. पहिली गेली, दुसरी गेली. दुसरीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी भावजी दाराशी. गळ्यात शिट्टी. मला बघून नजर चुकवली आणि यांना म्हणाले, "दादा, एक विचारू? खूण बरोबर सांगितली होतीस ना?"

यांचा हात जाळीत थांबला.

"चिमणी खाचेत बसवतो, पट्टा टोकावर आणतो. खाली काहीच नाही. बाई पण बघून आली. लोक म्हणतात, मुक्याने तेव्हाच काहीतरी हातचं राखून सांगितलं असणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण हे उठले, चपला घातल्या. "चल," म्हणाले. मीही निघाले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण मी राहते की काय मागे!

भावजींच्याच बोटीतून गेलो. सुकाणू यांनी धरलं. चिमणी सरकत सरकत टेकडीच्या खाचेत बसली. त्या रेघेवर हे बाहेर गेले आणि पट्टा धक्क्याच्या टोकाला टेकला तेव्हा इंजिन बंद केलं. पाणी स्वच्छ होतं. खाली खडकाचा कडा दिसत होता, तपकिरी, केसाळ.

"बाबांनी मला इथेच आणलं होतं," हे म्हणाले. "तेव्हा वाटायचं, खडकच हलतोय."

आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. एक लहानसा मासा आला आणि गेला. भावजी खूप वेळ बघत होते. मग ते मागे सरकून बसले आणि परत येईपर्यंत तसेच बसून होते.

धक्क्याला लागल्यावर भावजी आधी वर चढले, यांनी दोर त्यांच्याकडे फेकला. "बांध." भावजींनी सवयीने दोर घेतला, वेढा टाकला, दुसरा टाकला, आणि हात थांबले. त्यांनी त्या वेढ्यांकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"दादा, तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"शेडमध्ये? सगळ्यांसमोर?"

"दोरी हातात घेतल्याबरोबर."

"मग बोलला का नाहीस?"

यांनी बोटीतून पाय बाहेर टाकला, मला हात देऊन वर घेतलं, आणि मग म्हणाले, "तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

आम्ही घराकडे निघालो. वळून पाहिलं तर भावजी अजून तिथेच उभे होते, दोर हातात, आणि बोट न बांधलेली.