मास्तरांचा फोन आणि अर्धा इंच

टेलरमास्तरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता, एक आपल्या फोनचा आणि दुसरा आपल्या स्मरणशक्तीचा. खरं तर दोन्ही एकच होत्या, पण हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

फोन घेतला तेव्हा जितका फोन लहान तितका माणूस मोठा, असा काळ होता. धातूचं गुळगुळीत अंग, वरचा भाग सरकवला की खालून बटणं डोकावायची, मिटताना खट्‌ असा श्रीमंत आवाज व्हायचा. ‘‘खिशात आहे हे कळणारसुद्धा नाही,’’ असं दुकानदार म्हणाला आणि मास्तर तिथेच विरघळले. अख्ख्या हंगामाच्या गणवेशांची शिलाई त्या फोनात गेली. बायको चार दिवस बोलली नाही. मास्तरांनी ते चार दिवस फोन उघडमीट करण्यात मजेत काढले. पुढे जगाचे फोन पाटीएवढे झाले, लेकीनेही तसला एक पाठवला. तो कापडावर ठेवलेले नमुन्याचे कागद उडू नयेत म्हणून छान उपयोगी पडत होता.

जुनं गिऱ्हाईक आलं की मास्तर त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघत, ‘‘आलो हं, एक फोन करून,’’ म्हणत पडद्याआड जात आणि परत येऊन टेपला हात न लावता सरळ कापड बेतायला घेत. लोक तोंडात बोट घालत. पडद्याआड काय व्हायचं? फोनच्या यादीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप नंबरासारखं साठवलेलं होतं: छाती, कंबर, उंची, बाही. कुणी डोकावलंच तर कळू नये म्हणून खरी नावं मात्र नव्हती. ‘पोटोबा’, ‘खुंटी’, ‘दोन हनुवट्या’ अशी सगळी मंडळी तिथे सुखाने नांदत होती.

आणि तो फोन हरवला.

मास्तरांनी कपाटं उपसली, चिंध्यांचं पोतं उलटं केलं, शिलाई मशीनखाली आडवे झाले. बायको म्हणाली, ‘‘अहो, माझ्या फोनवरून रिंग देऊ का?’’

‘‘अजिबात नको. एखाद्या गिऱ्हाइकाच्या हाती लागला असेल तर उघडून वाचेल ना. पोटोबा कोण ते गावाला कळलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल.’’

‘‘नावं ठेवताना नाही सुचलं हे?’’

मास्तर पुन्हा मशीनखाली शिरले. तेवढ्यात हेडसर कोट न्यायला आले. चाळीस वर्षं शाळेत काढून सर उद्या निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणासाठी त्यांनी नवा कोट शिवायला टाकला होता. ‘ताठ उभा राहा’ हे त्यांचं वाक्य ऐकलं नाही असं पोर आसपास सापडलं नसतं. मास्तर सगळ्या जगाला फसवत, पण हेडसरांना मनापासून मानत.

सर कोट चढवून आरशासमोर उभे राहिले. कोट असा बसला होता की मास्तर क्षणभर फोनचं दुःख विसरले. आत बायकोला मात्र राहवलं नाही. तिने गुपचूप रिंग दिली.

हेडसरांची छाती वाजू लागली.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आतला खिसा शिवला की ते आपला फोन त्यात घालून बघत. बाहेरून फुगवटा दिसला नाही म्हणजे खिसा जमला. आणि नव्या कोटाचे खिसे गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत लोंबू नयेत म्हणून त्यांची तोंडं कच्च्या टाक्यांनी बंद करायची, ही त्यांची जुनी शिस्त. दोन्ही कामं त्यांनी चोख केली होती. मधलं एक राहिलं होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता, खिशात आहे हे खरंच कळलं नव्हतं.

टाके उसवून फोन बाहेर आला तो सरांच्याच हातात. बायको पडद्याआडून धावत आली आणि घाईघाईत म्हणाली, ‘‘सर, त्यात सगळ्यांची मापं आहेत. नावं तेवढी वाचू नका हं.’’

शिक्षकाला असं सांगायचं म्हणजे संपलंच. सरांनी चष्मा लावला. पोटोबापाशी ते गालात हसले. ‘‘हे आमचे संस्थाध्यक्ष ना?’’ मग म्हणाले, ‘‘माझं कुठलं?’’

मास्तरांना बाकीची गिऱ्हाइकं तुटली असती तरी चाललं असतं, हे एक तुटायला नको होतं. पण खोटं बोलवेना. त्यांनी बोट ठेवलं. ‘अर्धा इंच’.

‘‘म्हणजे?’’

‘‘तुमचा डावा खांदा, सर. अर्धा इंच खाली आहे. आत थोडी भर घालतो, मग दिसत नाही.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्या कोटापासून.’’

सरांनी कोट उतरवला. नुसत्या सदऱ्यावर आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘आणि मी पोरांना ताठ उभं राहा म्हणून ओरडत होतो. मला सांगितलं का नाही?’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम खांदा उचलून उभे राहिला असता,’’ मास्तर खाली बघत म्हणाले. ‘‘माझा कोट बिघडला असता. आणि तुम्ही दमला असता.’’

सर आरशाकडे वळले. त्यांनी पुन्हा कोट चढवला, बटणं लावली. खांदा होता तसाच सैल सोडला. आरशातला माणूस सरळच उभा होता.

फोन मास्तरांच्या हातात देत ते म्हणाले, ‘‘नाव तेच राहू द्या.’’